मदत हवी आहे: रिलेटिव्ह क्लॉजमधील स्वल्पविराम ‘जो–तो’ने ओळखता येईल का?

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. रिलेटिव्ह क्लॉजमध्ये, म्हणजे आधीच्या नामाविषयी माहिती देणाऱ्या गौणवाक्यात, माणसांसाठी ‘हू’ आणि वस्तूंसाठी ‘विच’ हे मुलांना लवकर समजते. अडते ते स्वल्पविरामाशी. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन नागपूर इज अ डॉक्टर’ हे वाक्य स्वल्पविरामांशिवाय लिहिले, तर अनेक भावांपैकी नेमका कोणता, हे गौणवाक्य सांगते. ‘ब्रदर’ आणि ‘नागपूर’ यांच्यानंतर स्वल्पविराम दिले, तर भाऊ कोणता हे आधीच ठरलेले असते आणि नागपूरचा उल्लेख केवळ जादा माहिती ठरतो. या दुसऱ्या वाक्यात ‘हू’च्या जागी ‘दॅट’ही चालत नाही.

हा भेद समजावताना मी मराठीचा आधार घेते. पहिला अर्थ ‘माझा जो भाऊ नागपूरला राहतो, तो डॉक्टर आहे’ असा सहज सांगता येतो, तर दुसऱ्यासाठी आपण ‘माझा भाऊ डॉक्टर आहे, तो नागपूरला राहतो’ अशी दोन वाक्ये करतो. म्हणून वाक्य ‘जो–तो’मध्ये बसले, तर इंग्रजीत स्वल्पविराम नको, अशी कसोटी मी मुलांना दिली आहे. (मराठीत ‘तो’च्या आधी येणारा स्वल्पविराम मुले इंग्रजीत तसाच उतरवतात, तेही वेगळे सांगावे लागते.)

परंतु ‘ज्या महाराष्ट्राने देशाला ज्ञानेश्वर दिले, त्या महाराष्ट्रात मी जन्मलो’ या भाषणी थाटाच्या वाक्यात ही कसोटी कोसळते. महाराष्ट्र एकच असल्यामुळे इंग्रजीत येथे स्वल्पविराम हवाच, आणि मराठीत मात्र ‘ज्या–त्या’ अगदी स्वाभाविक वाटते. विशेषनाम आले की स्वल्पविराम द्यावा, अशी पुरवणी जोडावी, तर ‘द पुणे दॅट आय न्यू ॲज अ चाइल्ड’ आडवे येते. तेथे विशेषनाम असूनही अनेक काळांतल्या पुण्यांपैकी एक निवडलेले आहे, म्हणून स्वल्पविराम नाही.

जाणकारांना माझी विनंती अशी, की ‘जो–तो’च्या कसोटीऐवजी ‘यांपैकी कोणता?’ हा प्रश्न विचारून पाहणे अधिक भरवशाचे ठरेल का, हे कृपया सांगावे. तोही जेथे फसतो अशी उदाहरणे आपल्याजवळ असल्यास, आणि विशेषतः दहावीच्या मुलांना पारिभाषिक शब्दांवाचून ती कशी समजावता येतील हे सुचवल्यास, मी फार आभारी राहीन.