नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, उंट उघड्यावर बसतो, म्हैस सावलीतही धापते. फरक नेमका कशाचा?

शाळा_दारव्हा
तालुक्यात रबारी लोकांचे कळप उतरलेत. ४५ अंशांच्या तपनीत त्यांचे उंट पडितात बसून राहतात, आणि इकडे कोठ्यातली म्हैस जीभ काढते. मुलं विचारतात, उंटाच्या मदारीत पाणी असतं का? वाळवंटातले प्राणी पाणी नेमकं कुठं वाचवतात? आणि त्यातलं काही आपल्या ढोरांच्या कामी येतं का?

पशुवैद्यक_अमरावती
गुरुजी, मदारीत चरबी असते, पाणी नाही. एक किलो चरबी जळली की शरीरात सुमारे १.१ लिटर पाणी तयार होतं हे खरं. पण ती जाळायला श्वास जास्त घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत श्वासावाटे त्याहून जास्त पाणी जातं. पाण्यासाठी म्हणून हा सौदा तोट्याचा. मदारीचा फायदा असा की चरबी एका जागी साठते, बाकीच्या अंगावर तिचा थर बसत नाही आणि आतली उष्णता सहज बाहेर पडते.

खरी बचत घामात आहे. तहानलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० च्या पुढे चढतं, तोवर तो फारसा घाम काढत नाही. ५०० किलोचा उंट ६ अंश तापला तर सुमारे २,५०० किलोकॅलरी उष्णता अंगात साठते. तेवढी घामानं काढायची तर चार लिटरच्या वर पाणी लागलं असतं. रात्रीच्या गार हवेत ती पाण्याशिवाय निघून जाते. मुलांना एक अट मात्र नक्की सांगा: रोज पाणी पिणाऱ्या उंटात हा चढउतार २ अंशांच्या आसपासच राहतो. रबाऱ्यांचे उंट रोज पीत असतील तर हा मोठा चढउतार त्यांच्यात दिसणार नाही.

बसण्याची पद्धतही पाहायला लावा. पाय पोटाखाली घेऊन, तोंड सूर्याकडे करून बसला की ऊन कमीत कमी अंगावर पडतं. पाठीवरची लोकर उष्णता अडवते. कातरलेल्या उंटाचा घाम जवळजवळ दीडपट होतो.

शेवटचं रक्ताचं. वजनाच्या २५ टक्के पाणी गेलं तरी उंट तग धरतो आणि मग दहा मिनिटांत १०० लिटरही पितो. त्याच्या लाल पेशी लांबट असतात, दुपटीहून जास्त फुगतात तरी फुटत नाहीत.

कोठा_वर्धा
भाऊ, हा पेशींचा मुद्दा आपल्या कामाचा आहे, कारण वासराच्या पेशी फुटतात. दिवसभर तहानलेलं वासरू संध्याकाळी एकदम भरल्या टाक्यावर सोडलं की काही तासांत लाल-तपकिरी लघवी होते, मान टाकतं, कधी झटके येतात. गोचीडतापातही लघवी लाल होते, पण त्यात ताप चढलेला असतो. इथं सहसा नसतो. थर्मामीटर लावूनच ठरवा. झटके दिसले तर डॉक्टरला लगेच बोलवा.

टाळायचं असेल तर पाणी तुटू देऊच नका. तुटलंच तर दोन-तीन लिटर द्यायचं, अर्धा तास थांबायचं, मग पुन्हा. मिठाची ढेकूळ गव्हाणीत कायम असू द्या.

माळरान_कारंजा
गुरुजी, वाळवंटातले बहुतेक प्राणी उंटासारखे उन्हाला तोंड देतच नाहीत, ते ऊन टाळतात. मुलांसाठी हेच जास्त महत्त्वाचं. उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांपुढे तापतो, पण दोन फूट खाली दिवसरात्रीचा फरक जवळपास मिटतो. थर वाळवंटातला सांडा (जाड काटेरी शेपटीचा सरडा) बिळात शिरून तोंड मातीनं बुजवतो. अमेरिकेतला कांगारू उंदीर पाणी न पिता कोरड्या बियांवर जगतो: एक ग्रॅम पिष्टापासून त्याला सुमारे ०.६ ग्रॅम पाणी मिळतं, लघवी अतिशय दाट असते आणि थंड नाकामुळे श्वासातली वाफ आतच निथळते.

आपल्याकडचा चिंकारा पाला-शेंगांतल्या ओलीवर बरेच दिवस काढतो आणि ऊन उतरलं की चरतो. पखुर्डी या माळरानावरच्या पक्ष्याचं उलटं: ती कोरडं बी खाते, म्हणून तिला पाणवठा गाठावाच लागतो. नर पोटाची पिसं भिजवून पिलांना पाणी नेतो. पाणवठ्यावर सकाळी माणसांची वर्दळ नको ती याचसाठी.

शाळा_दारव्हा
आभार. मग म्हशीला पाणी मारायचं ते कसं? पाठीवर ओलं पोतं टाकलं तर चालेल?

कोठा_वर्धा
पोतं नको. ते सुकलं की वारा अडवतं. म्हशीच्या अंगाला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी आणि कातडी काळी, म्हणून पाणी आपण द्यायचं आणि वाळवायचं काम वाऱ्यानं करायचं. कातडीपर्यंत भिजवा, सुकू द्या, पुन्हा भिजवा. ११ ते ४ मध्ये तीन-चारदा. पिण्याला ६० ते ८० लिटर धरा. कुटार-कडबा पहाटे आणि रात्री टाका, कारण तो पोटात आंबताना उष्णता काढतो आणि दुपारी ती उन्हात भर घालते. टिनावर अर्धा फूट पऱ्हाट्या पसरा.

हे सगळं मे महिन्याच्या कोरड्या हवेत चालतं. मृगाची सर पडून गेली की पारा उतरतो, पण अंगावरचं पाणी वाळत नाही आणि म्हैस आणखीच धापते. तेव्हा अंगावर पाणी मारणं कमी करा, कोठ्याच्या तुराट्यांच्या ताट्या दोन्ही बाजूंनी काढा आणि पंखा लावा.