मदत हवी आहे: एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१ वरून ७.२ वर आला, तरी वडिलांचं मन खचलेलंच

शिशिर_पान
वडील, वय ६१, टाइप २ मधुमेह. शुगर खाली आली की मन उभारी धरेल असं वाटत होतं, झालंय उलटंच. कशात रस नाही, पहाटे तीनला जाग, दिवसभर अंगात त्राण नाही. मधुमेह आणि नैराश्य यांच्यात शरीराच्या पातळीवर नेमका दुवा काय, एवढंच हवंय. ‘सकारात्मक राहा’ नको. घाई आहे.

रोहिणी_नक्षत्र
दुवे बरेच आहेत, आणि दोन्ही दिशांनी. नैराश्यात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहू शकतं. मग यकृत जास्त ग्लुकोज रक्तात सोडतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. दुसऱ्या बाजूने, पोटाच्या चरबीतून आयएल-६, टीएनएफ-अल्फा असे दाह वाढवणारे रेणू सुटतात. त्यांच्यामुळे आयडीओ हे एन्झाइम जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन (अन्नातलं एक अमिनो आम्ल) मूड सांभाळणाऱ्या सेरोटोनिनऐवजी कायन्युरेनिन या दुसऱ्याच पदार्थाच्या वाटेला लागतं. एचबीए१सीमध्ये यातलं काहीच दिसत नाही. एचएस-सीआरपी (दाह मोजणारी रक्ततपासणी) केलंय का?

तिसरा_प्रहर
सीआरपी कळून उपचार काय बदलणार? आधी औषधं लिहा: नाव, मात्रा, किती वर्षं. बी१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन किती?

गणिती
७.२ ला २८.७ ने गुणा, ४६.७ वजा करा. सरासरी शुगर १६० येते.

शिशिर_पान
सरासरी विचारली नव्हती हो. शुगरच्या गोळ्या दोन: मेटफॉर्मिन रोज २००० मिग्रॅ, नऊ वर्षं. ग्लिमेपिराइड ४ मिग्रॅ. टीएसएच नॉर्मल. बी१२ कधीच पाहिलं नाही.

तिसरा_प्रहर
नऊ वर्षं मेटफॉर्मिन आणि बी१२ एकदाही नाही! हे औषध लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ चं शोषण कमी करतं. उदासी, थकवा, विसराळूपणा, तळपायाला मुंग्या, सगळं त्यातून येऊ शकतं, आणि मुंग्यांचं खापर मात्र शुगरवर फुटतं. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडही (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढतं ते) तपासून घ्या. फॉलिक ॲसिड एकटं सुरू करू नका: रक्त सुधारलेलं दिसतं, नसांचं नुकसान चालूच राहतं.

रोहिणी_नक्षत्र
प्रत्येक धाग्यावर तुमचं बी१२ येतंच. त्यांनी दुवा विचारलाय, कमतरता नाही.

तिसरा_प्रहर
कमतरता साध्या रक्ततपासणीत कळते आणि भरून निघते. कायन्युरेनिनचं काय करणार आहात?

पाऊलवाट
चालणं कोणी सुचवलंच नाही! जेवणानंतर १५ मिनिटं. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोज आत ओढतो, आणि नैराश्यातही व्यायामाचा उपयोग होतो.

मंद_समई
थांबा, चालायला सांगण्याआधी एक विचारते. पहाटे जाग येते तेव्हा घाम असतो का? आणि गेल्या दोन महिन्यांत नवीन गोळी कोणती?

शिशिर_पान
घाम असतो, उशीचा अभ्रा ओला होतो. तीन आठवड्यांपूर्वी सर्ट्रालिन ५० सुरू झालं. मनाची गोळी म्हणून इथे लिहिलं नाही. जेवण निम्म्यावर आलंय.

मंद_समई
हेच आधी हवं होतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढतच राहतं, जेवण कमी असलं तरी. त्यात सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्यांनी काहींची शुगर आणखी उतरते. आज रात्री तीनला मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका, थेट रुग्णवाहिका. अशी उतरलेली शुगर सरासरीत लपते, म्हणून ७.२ वर खूश होता येत नाही. सर्ट्रालिन मनाने बंद करू नका. तीन आठवडे त्याचा पूर्ण परिणाम दिसायला अपुरे आहेत.

गणिती
बी१२ कमी असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसतो. खरी सरासरी १६० पेक्षाही कमी असेल.

रोहिणी_नक्षत्र
हे मान्य. पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घ्या. झोप, थकवा, भूक यांचे गुण मधुमेहामुळेही चढतात, म्हणून पहिले दोन प्रश्न नीट बघा. नववा, जीव नकोसा वाटण्याचा, तो तर अजिबात गाळू नका. शून्याच्या वर काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

शिशिर_पान
३:१० ला ५८. ग्लुकोज दिलं, १५ मिनिटांनी ८४.

मंद_समई
पुढचं जेवण लांब आहे, थोडं काही खायला द्या. सकाळची ग्लिमेपिराइड देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ५८ हा आकडा, वेळ आणि सर्ट्रालिनची तारीख, तिन्ही सांगा.