राजीनामा टाकण्याआधी

'घरून काम बंद करून पाच दिवस ऑफिसला बोलावलं की सरळ राजीनामा टाका' हे ऐकायला भारी वाटतं, पण कंपनीलाही तेच हवं असेल तर? आपण स्वतःहून गेलो की त्यांचा नोकरकपातीचा खर्च वाचतो. आमच्याकडे फर्मान आलं तेव्हा मी तावातावाने मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्येच ठेवला. आता ऑफिसात जाऊन करतो काय, तर हेडफोन लावून दोन खुर्च्या पलीकडच्या माणसाशी व्हिडिओ कॉल!

ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीतल्या १,६१२ जणांवरचा प्रयोग २०२४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला होता. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणारे साधारण एक तृतीयांशाने घटले, कामगिरीत फरक नाही. तो मॅनेजरपुढे ठेवून मी दोन दिवस मागितले. मिळाला एक, तोही तोंडी. मुलाखती चालू आहेत.