दिवाळी अंकाच्या मांडणीसाठी मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे की इनडिझाइन?

वाचनालय_कार्यवाह:
आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक दरवर्षी निघतो. जुने अंक युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी जागतिक पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टांत जुळवलेले असल्याने संगणक बदलल्यावर त्यांतील बरेच लेख निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसू लागले आहेत. यंदा कार्यकारिणीतील काहींना मुद्रकाकडे आहे म्हणून अडोबी कंपनीचे इनडिझाइन हे विकतचे मांडणी-सॉफ्टवेअर हवे आहे. मला मुक्त (कोणालाही वापरता, बदलता व वाटता येणारे) सॉफ्टवेअर योग्य वाटते, परंतु काम करणारे सारे हौशी आहेत आणि वेळ थोडा आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

अक्षरसोबती:
तुमचे नुकसान सॉफ्टवेअर विकतचे होते म्हणून झालेले नाही. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले होते आणि ही जुळणी प्रत्येक फॉन्टसंचात वेगळी असे, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूरही गेला. म्हणून मांडणी कशातही करा, पण मूळ लेख युनिकोडमध्ये, लिबरऑफिस या मुक्त लेखन-सॉफ्टवेअरच्या ओडीटी या फाइल-स्वरूपात जपून ठेवा. हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते वाचणारे सॉफ्टवेअर कोणालाही लिहिता येते. लेखकांनी विश्वासाने सोपवलेले साहित्य वीस वर्षांनी कोणाचीही परवानगी न घेता उघडता आले पाहिजे, आणि या एका मुद्द्यावर मी सोयीसाठी तडजोड करणार नाही. फॉन्टही मुक्त परवान्याचा निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता त्यासाठी चांगला आहे.

मांडणीकार:
वरील मताशी सहमत आहे, मात्र मांडणीचा विचार वेगळा करावा लागेल. स्क्रायबस या मुक्त मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये आता जोडाक्षरे नीट उमटतात (जानेवारी २०२४ मध्ये आलेली १.६ ही स्थिर आवृत्ती घ्यावी) आणि छपाईयोग्य पीडीएफही उत्तम निघते, पण ते इनडिझाइनची मूळ फाइल उघडत नाही. तेव्हा मुद्रकाला तयार पीडीएफ चालते का, हे आधी विचारा. चालत असेल, तर इनडिझाइन घेण्याचे मुख्य कारणच उरत नाही. तो मूळ फाइलच मागत असेल आणि दिवाळी तोंडावर आली असेल, तर हौशी मंडळींना नव्या साधनात अडकवण्यापेक्षा यंदा इनडिझाइन वापरणे मला गैर वाटत नाही. मात्र अडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर दिल्या असल्याने वर्गणी संपली की स्वतःचीच फाइल उघडता येत नाही. यासाठी अंक पूर्ण होताच आयडीएमएल (इनडिझाइनची मांडणी इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येईल असे स्वरूप) आणि पीडीएफ प्रती काढून ठेवा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदांना वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरे तुटतात.

वाचनालय_कार्यवाह:
मनःपूर्वक आभार. मुद्रकाला पीडीएफ चालते, त्यामुळे लिबरऑफिस आणि स्क्रायबस असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवतो. जुने अंक युनिकोडमध्ये आणताना काय पाहावे?

अक्षरसोबती:
ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द आवर्जून तपासा. जुन्या फॉन्टांत ही चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. रूपांतरात सर्वाधिक चुका तिथेच होतात.