केनियाच्या टूरमधून नाकुरू काढून टाका (मत)

सातारी_भटक्या
२०२३ च्या ऑगस्टमध्ये आईबाबा, बायको आणि मी केनियाला जाऊन आलो. टूरवाल्याच्या पीडीएफमध्ये पहिल्याच पानावर नाकुरू तलाव, काठाला गुलाबी पट्टा, फ्लेमिंगोच फ्लेमिंगो. प्रत्यक्षात काय, तर व्हॅनचं छप्पर वर करून दोन-अडीच तास फिरलो आणि लांब एका कोपऱ्यात शे-दीडशे असतील नसतील, ते पण बाबांच्या दुर्बिणीतून. बाकी सगळं पाणीच पाणी, त्यात उभी मेलेली बाभळीची झाडं, शेंड्यावर पाणकावळे बसलेले आणि शिटीनं पांढऱ्या झालेल्या फांद्या. पार्कचं जुनं मेन गेटच पाण्यात गेलंय.

ड्रायव्हर बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला तलावात नद्या येतात पण बाहेर जायला वाटच नाही, पाणी फक्त वाफ होऊन जातं म्हणून खारं. २०१० नंतर पाणी जे चढत गेलं ते चढतच गेलं, चाळीसेक चौरस किमीचा तलाव साठच्या वर गेला, खारेपणा पातळ झाला आणि छोटा फ्लेमिंगो (लेसर फ्लेमिंगो ही जात) जे खातो ते स्पिरुलिना नावाचं शेवाळ कमी झालं. समोरचं ताटच उचललं तर पंगतीला कोण बसणार? गेले उठून बोगोरिया तलावाला.

माझं म्हणणं एवढंच, की माणशी ६० डॉलर एंट्री (२०२३ चा दर) भरून जे नाही ते बघायला नेऊ नका. नाकुरू काढा, बोगोरिया घाला. ते जमत नसेल तर निदान पीडीएफमधला फोटो तरी बदला राव.

नैरोबीकर_वहिनी
फोटोबद्दल सहमत, बाकी साफ असहमत. १४ वर्षं इथे राहतेय, भारतातून कोणी पाहुणे आले की नाकुरूला नेतेच आणि फ्लेमिंगोचं नावसुद्धा काढत नाही. नाकुरूला जायचं ते गेंड्यांसाठी. काळे-पांढरे दोन्ही एका दिवसात दिसायची शक्यता मसाई मारामध्ये कुठे आहे? माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे गेलेले, व्हॅनमधून न उतरता पांढरा गेंडा आणि त्याचं पिल्लू पाहिलं त्यांनी, रस्त्यापासून वीस पावलांवर, गवत ओढून खातानाचा कराकरा आवाज ऐकू येत होता. अजून भिशीत सांगतात.

सातारी_भटक्या
वहिनी, १८८ चौ. किमीच्या चारी बाजूंनी विजेचं कुंपण आणि आत गेंडे. मग भायखळ्याची राणीबाग काय वाईट होती?

नैरोबीकर_वहिनी
ही तुलना कैच्या कै आहे हं दादा. १९७० च्या आसपास केनियात काळे गेंडे २०,००० च्या घरात होते, शिंगांसाठी मारून मारून ऐंशीच्या दशकात ४०० च्याही खाली आले. म्हणून १९८७ मध्ये कुंपण घालून नाकुरूला गेंड्यांचं अभयारण्य केलं. कुंपण नसतं तर आज तुम्हाला फोटोच दाखवावा लागला असता, तुमच्या त्या पीडीएफसारखा. आणि ते ६० डॉलर फ्लेमिंगोचे नव्हते, त्या रेंजर लोकांचे पगारही त्यातूनच निघतात.

खारं_पाणी
दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं. फ्लेमिंगो 'गेले' म्हणजे कायमचे गेले असं नसतं. नव्वदच्या दशकात नाकुरू आटला होता तेव्हाही ते गेले होते आणि परत आले होते. त्यांच्यासाठी नाकुरू, बोगोरिया, एलमेंटाइटा ही एकाच घराची खोल्या-पडवी आहे, जिथे शिजतंय तिथे जेवायचं. पाणी तर बोगोरियातही चढलंय, तिथलेही काही गरम झरे बुडाले. उद्या तिथलं शेवाळ गेलं की तुम्ही 'बोगोरिया काढा' असा धागा काढणार का?

खरी काळजी नेट्रॉन तलावाची करा. तो टांझानियात आहे, पूर्व आफ्रिकेतले छोटे फ्लेमिंगो अंडी घालायला तिथेच जातात. तिथे सोडा अॅशचा (काच, साबण-पावडरीत लागणारा सोडा) कारखाना निघणार होता आणि त्यात आपली टाटा केमिकल्स होती (शेजारच्या मगादी तलावावरचा कारखाना त्यांचाच आहे). खूप विरोध झाला, शेवटी टाटा मागे सरले. ऐरोलीला बोटीत बसून जो छोटा फ्लेमिंगो आपण बघतो तीच ही जात, पण हे किती जणांना माहितीय.

मु_पो_नाशिक
सगळे पक्षी आणि गेंडे, माणसांचं कोणी बोलेना. बोगोरिया घाला म्हणताय ना, तिथे एन्डोरोइस लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायचे, त्यांना १९७३ मध्ये गेम रिझर्व्हसाठी हुसकावलं. खारी माती चाटायला गुरं तिथे न्यायची त्यांची रीत, देवाधर्माच्या जागा तिथे, सगळं बंद. ते लोक आफ्रिकन मानवी हक्क आयोगापर्यंत गेले आणि २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं जाहीर झाला, जमीन परत करा, भरपाई द्या, तलावाच्या उत्पन्नात वाटा द्या. अंमलबजावणी मात्र रखडत रखडत. मी धरणग्रस्त घरातला आहे, निकाल लागणं आणि हातात काही पडणं यात किती वर्षं जातात ते आजोबांच्या पिशवीतले कागद बघून शिकलोय. त्यामुळे कुठला तलाव फोटोत जास्त गुलाबी येतो यावर भांडण बघून हसू आलं, सॉरी.

सातारी_भटक्या
हे खरंच माहीत नव्हतं. पण मग काय, जायचंच नाही का तिकडे? आपण गेलो नाही तर त्या वाट्यात तरी काय पडणार?

मु_पो_नाशिक
जा की. नैरोबीचा टूरवाला सोडा, लोबोईच्या गेटवर गावातलाच गाइड घ्या, पैसे त्याच्या हातात द्या.

नैरोबीकर_वहिनी
आणि सासूबाईंना नेऊ नका तिकडे, नाकुरूपासून पुढे अजून दोन तास, ऊन मी म्हणतं. आम्ही गेलो होतो तेव्हा एक ग्रुप गरम झऱ्यात जाळीतून अंडी उकडत होता, मजा वाटली, नंतर बघते तर टरफलं तिथेच काठावर टाकून गेले. गुजराती होते की आपले ते विचारू नका.

खारं_पाणी
आपलेच असणार, मीठ-मिरपूड घरून आणली होती का?