मदत हवी आहे: वरून रॅडिकल, आतून म्हणे प्रो स्टॉक. ओळखायचं कसं? (नागपूर)

स्लाइसवाला_नागपूर

नमस्कार राजेहो. टेनिसवाले कोणी असाल इथे तर जरा मदत करा. बॅटीबद्दल विचारलं तर पन्नास जण धावून येतात अन् रॅकेट म्हटली की अर्धे लोक बॅडमिंटनचंच समजतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, टेनिसची.

तर मॅटर असा आहे की इथल्या एका सेकंडहँड सामान विकणाऱ्याकडे हेड कंपनीची एक रॅकेट आली आहे. रंग त्यांच्या सध्याच्या रॅडिकल मॉडेलचा, दुकानात मिळते तशीच दिसते, पण तो म्हणून राहिला की ही प्रो स्टॉक आहे, म्हणजे दुकानासाठी बनवलेलीच नाही, फक्त प्रो खेळाडूंसाठी बनते ती, अन् आत हेडच्याच जुन्या प्रो टूर ६३० मॉडेलचा साचा आहे, "अँडी मरेच्या हातात पण आतून हीच होती". पुण्याला बालेवाडीत २०१८ ते २०२३ एटीपीची (पुरुष प्रो टेनिसची) स्पर्धा व्हायची ना (मधे २०२१ कोरोनात गेलं), तिथल्या एका परदेशी खेळाडूच्या बॅगेतून आली म्हणतो. नाव विचारलं तर हसतो. कागद काहीच नाही. भाव ४२ हजार, त्यात कमी-जास्त करायला तयार आहे पण फार नाही.

प्रो लोक रंगवलेल्या रॅकेटी वापरतात हे मला माहीत आहे. नदाल शेवटपर्यंत बॅबोलाटच्या जुन्या एअरोप्रो ड्राइव्हच्या साच्यावरच खेळला, वरचा रंग तेवढा दर वेळी नवीन. जोकोविच २००९ पासून हेडकडे आहे, त्याची पण दुकानातली स्पीड (हेडचं मॉडेल) नाहीच, डोकं (तारांचा गोल भाग) लहान आहे त्याच्या रॅकेटचं. म्हणजे असा प्रकार असतो हे खरं, पण माझ्यासमोर ठेवलेली तीच आहे हे कशावरून?

मी काय काय केलं ते सांगतो. ओळखीच्या एका सराफाकडे इतवारीत नेऊन काट्यावर ठेवली (तो म्हणाला भाऊ सोनं आणायचं सोडून हे काय आणलं). तार अन् ओव्हरग्रिप (मुठीवरची वरची पट्टी) धरून ३४५ ग्रॅम भरली. पट्टीवर तोलली तर बॅलन्स (तोल राहतो ती जागा) मुठीकडून साधारण ३२ सेंटीमीटर. तारांचा पॅटर्न १६ उभ्या बाय १९ आडव्या. माझ्याकडे विल्सनची ब्लेड ९८ आहे, ती छापील ३०५ ग्रॅमची, तिच्यापुढे ही हातात घेतली की डोक्याकडून चांगलीच जड लागते, बॉलला धक्का भारी बसतो. दहा-पंधरा मिनिटं भिंतीवर खेळू दिली त्यानं, मजा आली हे कबूल. मी साधा क्लबवाला आहे, एका हाताचा बॅकहँड, अन् कोपर अधूनमधून कुरकुरते.

तर ही प्रो स्टॉक आहे की नाही हे तार न कापता कसं पाहायचं? अन् माझ्या ब्लेडशी नीट तुलना करायची तर काय काय मोजायचं? तो तार कापू देत नाही.

बेसलाइन_बंटी

४२ हजार?? काहून बे इतके? तेवढ्यात दोन नवीन रॅकेटी अन् वर्षभराच्या तारा येतात. फोटो टाक आधी.

जुना_ग्राफाइट

स्लाइसवाला, वजन मोजलंत ते चांगलं केलंत पण त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे आधी डोक्यातून काढा. तुमचे ३४५ तार अन् ओव्हरग्रिपसकट आहेत. तारेचे साधारण १५ ते १८ ग्रॅम, ओव्हरग्रिपचे ५ च्या आसपास, ते वजा केले की उरतात ३२३ वगैरे. दुकानातली रॅडिकल प्रो विनातार ३१५ ची येते. रॅडिकल एमपी ३०० ची, तिला २०-२२ ग्रॅम शिशाची टेप मारली की झाली तुमची "प्रो". लोक नेमकं इथेच फसतात, एकीचं वजन तारेसकट धरतात, दुसरीचं कंपनीनं छापलेलं विनातार धरतात अन् म्हणतात बापरे चाळीस ग्रॅमचा फरक. तुमच्या ब्लेडचंही तेच, तिला पण तार-ओव्हरग्रिपसकट त्याच काट्यावर ठेवा, ३२७ च्या आसपास निघेल.

टेपनं वजन बदलता येतं, बॅलन्स बदलता येतो, मुठीत सिलिकॉन भरता येतं, लेदर ग्रिप लावता येते. साचा बदलता येत नाही, म्हणून बघायचा तो साचा.

साच्यात सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे बीम, म्हणजे फ्रेमची जाडी, तारांच्या पातळीला आडवी. प्रो टूर ६३० अन् त्याच साच्यातून आलेली पीटी५७ए, ही जुन्या पद्धतीची चौकोनी फ्रेम, जाडी सगळीकडे सारखी, २० मिलीमीटरच्या आसपास. सध्याच्या रॅडिकल एमपीची जाडी बदलत जाते, २०-२३-२१, म्हणजे मधे फुगलेली. व्हर्नियर घ्या, वर टोकाला, घड्याळातल्या ३ अन् ९ वाजताच्या जागी, आणि खाली घशाशी (डोकं दांड्याला मिळतं तिथे), असं तीन ठिकाणी मोजा. तार असली तरी अडत नाही. डोळ्यांनी पण कळतं खरं तर, रॅकेट आडवी धरून कडेनं बघा, जुना साचा स्केलपट्टीसारखा सरळ दिसतो.

दुसरं, भोकं. रंग कुठलाही मारा, भोकं जिथे पाडली तिथेच राहतात. खालच्या पुलावरून (घशाशी डोक्याची खालची बाजू) किती उभ्या तारा जातात ते मोजा, काही फ्रेममध्ये ६ असतात काहींत ८. मग त्याच रंगाच्या दुकानातल्या रॅडिकलचा समोरून काढलेला फोटो शोधा आणि एकेक भोक जुळवा, कुठे भोक सोडलंय, पहिली आडवी तार कुठून निघते. सगळं जुळलं तर साचा तोच. हेडच्याच प्रेस्टिजच्या साच्याला वरून पूर्ण झाकणारा कॅप ग्रोमेट (भोकांत बसणारी प्लास्टिकची पट्टी) यायचा, तसा रॅडिकलच्या रंगाखाली दिसला तर लगेच कळतं की आत दुसरं काहीतरी आहे. विल्सनमध्ये पण असंच, प्रो स्टाफवाल्या घराण्याला ३ अन् ९ वर फुगवटे असतात, ब्लेडला नसतात, मग ब्लेडच्या रंगात फुगवटा दिसला तर ते ब्लेड नाही.

तिसरं, छापील मजकूर. दुकानातल्या रॅकेटवर हेड साइज, तारेचं टेन्शन वगैरे छापलेलं असतं. प्रो स्टॉकवर बहुतेक वेळा ते नसतं, त्याऐवजी कोड असतो, हेडचे टीजीके किंवा पीटीनं सुरू होणारे. मात्र नुसत्या कोडवर जाऊ नका, स्टिकर कोणीही छापतो. अन् हेड साइजच्या भानगडीत पडूच नका. हेडनं जुन्या प्रो टूरवर ६३० स्क्वेअर सेंटीमीटर म्हणजे ९८ चौरस इंच लिहिलं, पण आतून मोजणारे लोक ९५ च्या जवळ म्हणतात, तुम्ही घरी टेपनं मोजायला गेलात तर डोकं भंजाळेल नुसतं.

मास्तर_टॉपस्पिन

वरच्यांनी साचा सांगितला, मी तुलनेचं सांगतो. तुम्हाला "डोक्याकडून जड" वाटलं ते स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवायला किती जड लागते त्याचं माप. वजन आणि बॅलन्स सारखे असून दोन रॅकेटी फिरवायला अगदी वेगळ्या लागू शकतात, त्यामुळे तुलना करायची तर हे तिसरं माप पाहिजेच. मशीन नागपुरात कोणाकडे असलं तर उत्तम, नाहीतर घरी लंबक करता येतो.

मुठीच्या टोकाला रॅकेट अशी टांगा की ती मोकळी झुलेल. थोडीच झुलवा, जोरात नको. एका झोक्याला (जाऊन परत येईपर्यंत) किती सेकंद लागतात ते काढा. ३४५ ग्रॅम आणि ३२ सेंटीमीटरला गणित मांडलं तर स्विंगवेट ३३० असेल तर १० झोक्यांना साधारण १३.७२ सेकंद, आणि ३४० असेल तर १३.८५. फरक बघा किती बारीक आहे. हाताने स्टॉपवॉच दाबलं तर तेवढी चूक सहज होते, म्हणून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या किंवा ५० झोके मोजून भागा. पंखा बंद ठेवा. (हे सांगावं लागतंय कारण एकानं कूलरसमोर टांगून मोजलं आणि मला भांडला.)

आणि टेप कुठे लावली त्यावर बराच खेळ असतो. ४ ग्रॅम टोकाला, म्हणजे १२ वाजताच्या जागी लावले तर स्विंगवेट १३ च्या आसपास वाढतं. तेच ४ ग्रॅम ३ आणि ९ वर वाटून लावले तर ७ च वाढतं. म्हणजे विकणाऱ्यानं टोकाला बंपरखाली (डोक्यावरची प्लास्टिकची कड) थोडीशी पट्टी सरकवली असेल तरी भिंतीवर पहिल्या दहा मिनिटांत "धक्का भारी" वाटणारच. तासभराच्या मॅचमध्ये, तिसऱ्या सेटला, मे महिन्यात, तोच धक्का तुमच्या कोपराला वाटतो.

बेसलाइन_बंटी

मास्तर जबरी. मी पण आज माझी टांगून पाहतो, आई ओरडली तर तुमचं नाव सांगीन 😄

स्लाइसवाला_नागपूर

धन्यवाद सगळ्यांना. हिंगणा एमआयडीसीत मेव्हण्याचं टूलरूम आहे, त्याच्याकडून डिजिटल व्हर्नियर आणलं अन् काल संध्याकाळी परत गेलो दुकानात. आकडे असे: टोकाला २१.१, मधे ३ वाजताच्या जागी २३.०, घशाशी २०.२. दोनदा मोजलं, दोन्ही बाजूंनी. कडेनं धरली तर मधे फुगलेली स्पष्ट दिसते, आता कळल्यावर तर नजर तिथेच जाते.

भोकं पण जुळवली, मोबाइलवर दुकानातल्या रॅडिकल एमपीचा फोटो मोठा करून. एकूणएक जुळतात.

मग बटकॅपचं (मुठीच्या बुडाचं) झाकण उघडायला सांगितलं. नाखुशीनं उघडलं. आत पांढरं सिलिकॉन भरलेलं आहे हे खरं, पण वरच्या थराला बोटाचा ठसा उमटलेला. अन् टोकाला बंपरच्या कडेतून राखाडी पट्टीचं एक टोक बाहेर आलेलं, नखानं उचललं तर शिशाची टेप. छापील मजकुराच्या जागी काळा मार्कर फिरवलेला, तिरका प्रकाश पाडला की खाली ३०० ग्रॅम वाचता येतं.

हे सगळं दाखवलं तर तो काय म्हणाला ऐका: "भाऊ, आजकालचे प्रो नवीन साच्यावर पण खेळतात, म्हणून ही प्रो स्टॉक नाही असं नाही होत." आता यावर मला काही बोलता आलं नाही. बरोबर आहे का हे?

जुना_ग्राफाइट

अर्धं बरोबर आहे, म्हणून तर असे लोक धंदा करू शकतात. आज बरेच प्रो दुकानातल्याच साच्यावर खेळतात, फक्त वजन त्यांच्या मापानं केलेलं. फेडररची आरएफ९७ तर कंपनीनं ३४० ग्रॅमची, त्याच्याच मापाची म्हणून सरळ दुकानात विकली. बॅबोलाटनं २०२३ मध्ये नदालच्या मापाची राफा ओरिजिन आणली, विनातार ३१७ ग्रॅम.

पण मग ४२ हजार कशाचे? प्रो स्टॉकला जास्त पैसे लोक देतात ते दुकानात न मिळणाऱ्या साच्यासाठी, किंवा आतल्या ग्राफाइटची मांडणी वेगळी असते तिच्यासाठी. साचा दुकानातला, मार्करखाली ३०० लिहिलेलं, म्हणजे ती कारखान्यातूनच दुकानासाठी निघालेली एमपी आहे. वरचं वजन टेपचं अन् सिलिकॉनचं. ते तुम्ही नवीन एमपी घेऊन एका दुपारी घरी करू शकता, आणि कोपर दुखलं तर टेप काढूनही टाकता येते. यातलं सिलिकॉन मात्र निघता निघत नाही.

जुनी वापरलेली एमपी म्हणून योग्य भावात देत असेल तर घ्या खुशाल. फक्त आधी ३ अन् ९ पासून घशापर्यंत फ्रेमवरून नख फिरवा, केसासारखी भेग असली तर नखाला लागते. आणि ती पोकळ वाजते का ते टिचकीनं पाहा, एक बाजू वेगळी वाजली तर सोडा.

मास्तर_टॉपस्पिन

+१. आणि तुम्हाला जे आवडलं ते पातळ चौकोनी बीम नव्हतंच, तुम्हाला आवडलं वाढलेलं स्विंगवेट. तर आधी आपल्या ब्लेडला ३ आणि ९ वर दोन-दोन ग्रॅम लावून आठवडाभर खेळा. टेपचा रोल स्वस्त असतो. मूठ घट्ट धरायची सवय पण सोडा, एकहाती बॅकहँडवाल्यांच्या कोपराचं बरंच दुखणं तिथलं असतं.

व्हॉलीबाई

खरंच जुन्या साच्यासारखं काही हवं असेल तर दुकानातच बघा की. हेडची ग्रॅव्हिटी प्रो, १०० इंच, १८ बाय २०, विनातार ३१५, बीम २०, सगळीकडे सारखं पातळ. माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी रामनगरच्या कोर्टावर असते मी, सहाला या, उन्हाच्या आधी तासभर खेळून बघा. तुमची ब्लेड पण आणा, मला ती मारून बघायची आहे. तुमच्या त्या दुकानदाराला मात्र सांगू नका, नाहीतर माझी पण "प्रो स्टॉक" म्हणून विकायला मागेल.

स्लाइसवाला_नागपूर

येतो ताई, नक्की. त्या दुकानदाराला आज फोन करून "नको" म्हणून सांगितलं. तर म्हणतो ३० ला घेऊन टाका, वर तारेचा एक सेट फुकट. फोन ठेवता ठेवता २५ वर आला होता.