मोबाइल नंबरवर इंडेक्स आहे, तरी क्वेरी रांगते

प्रश्न: मायएसक्यूएल ८ (डेटाबेस), ग्राहकांचं मोठं टेबल. मोबाइलचा कॉलम व्हारकॅर (म्हणजे मजकूर), त्यावर इंडेक्स (ओळी झटपट शोधायची क्रमवार सूची). एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) पॉसिबल कीजखाली इंडेक्सचं नाव दिसतं, पण टाइप 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल वाचतो. दिसतोय तर वापरत का नाही?

उत्तर १: क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांत आहे का? नसेल तर दोन्ही बाजूंचं फ्लोटिंग पॉइंट (दशांशातला आकडा) करून तुलना होते. नुसता बारा ('12'), आधी शून्य लावलेला बारा ('012'), शेवटी अक्षर चिकटलेला बारा ('12a'), आकडा म्हणून तिन्ही सारखेच. इंडेक्समध्ये मात्र ते अक्षरक्रमाने विखुरलेले. शोधणार कुठे? म्हणून मायएसक्यूएल प्रत्येक ओळ बदलून बघतो बिचारा. उलट प्रकार (इंटिजर कॉलम, अवतरणातला आकडा) चालतो, तिथे फक्त तुमची किंमत बदलते, कॉलम नाही.

उत्तर २: एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनो (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस), हसू नका, तुमच्याकडेही असंच होतं. जावाचा ड्रायव्हर स्ट्रिंग (मजकूर) मुळात एनव्हारकॅर (युनिकोड मजकूर) म्हणून पाठवतो. कॉलम व्हारकॅर आणि जुनं एसक्यूएल कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचे नियम) असेल, तर सीकचा (इंडेक्समधून थेट शोध) स्कॅन (सगळं वाचणं) होतो.

प्रश्नकर्ता: ओआरएमच्या (कोडमधून क्वेरी बनवणारी लायब्ररी) मॉडेलमध्ये मोबाइलचं फील्ड इंटिजर निघालं. स्ट्रिंग केलं, टाइप आता 'रेफ', म्हणजे इंडेक्स वापरतोय.

उत्तर ३: पोस्टग्रेस (आणखी एक डेटाबेस) ८.३ पासून मजकूर आणि आकड्याच्या अशा तुलनेला सरळ एरर देतं. खडूस आहे, पण मला तेच बरं वाटतं.